वायफायचे भांडण आणि कूलरमागचा डबा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. थोरली वरच्या खोलीत नीटची ऑनलाइन सराव परीक्षा देत होती. धाकटा शेजारच्या खोलीत मोबाइलवर गेम खेळत होता. मुलांचे अब्बू खाली टीव्हीवर मॅच बघत होते. परीक्षेची शेवटची दहा मिनिटे उरली असताना थोरलीच्या लॅपटॉपवर ते गोल चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. एकवीस उत्तरे जमाच झाली नाहीत. ती रडत खाली आली. "अम्मी, याच्या गेममुळे माझा पेपर गेला!"

मी काही विचारपूस न करता धाकट्याचा मोबाइल काढून घेतला. "अम्मी, माझाही गेम अडकत होता," असे तो सांगत राहिला. मी ऐकले नाही. तीन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

चूक माझी होती. ती कशी कळली आणि त्यातून घरातल्या इंटरनेटविषयी काय शिकले, ते या वेळी सांगते. कारण हे भांडण आज घरोघरी आहे, आणि बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय सुचतो : मोठा प्लॅन घ्या.

आम्हीही तेच ठरवले होते. ४० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घ्यायचा. माझा एक जुना विद्यार्थी फायबर जोडणीचे काम करतो. त्याला बोलावले तर तो म्हणाला, "टीचर, पैसे भरायच्या आधी मला एकदा बघू द्या."

त्याने लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. चाळीसच्या चाळीस! मग तोच लॅपटॉप वायफायवर घेऊन वरच्या खोलीत गेला. तिथे सहा. म्हणजे कंपनीने पाठवलेले दारापर्यंत पूर्ण येत होते. हरवत होते ते घरात.

कूलरमागचा डबा

आमचे घर मोमिनपुऱ्यातले, जुन्या जाड भिंतींचे, खाली दोन आणि वर दोन खोल्या. राउटर खालच्या खोलीत खिडकीजवळ होता, कारण जोडणी करणाऱ्याची वायर तिथेच संपली. एका बाजूला लोखंडी कपाट. आणि एप्रिल लागताच त्याच्यासमोर कूलर येऊन बसला. नागपूरच्या घरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. पण कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि तळाला पाण्याची टाकी. पत्रा वायफायच्या लहरी अडवतो, पाणी त्या शोषून घेते. "नेट उन्हाळ्यातच का रडते?" या आमच्या दरवर्षीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे बसले होते.

राउटर घराच्या साधारण मध्यभागी, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. कपाटात, टीव्हीमागे किंवा माळ्यावर नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद जागेत तो डबा तापून मंदावतो. मायक्रोवेव्हपासूनही तो लांब असावा. आम्ही तो जिन्याच्या वळणावर लावला. वरच्या खोलीतला वेग सहावरून बत्तीसवर गेला. खर्च झाला तो फक्त थोड्या वायरचा.

आता बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून लांब जाते. पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, मात्र जाड भिंतीपुढे दमते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघींना वेगळी नावे देता येतात. गेम आणि टीव्ही ५ वर, लांबच्या खोलीतले मोबाइल २.४ वर, अशी वाटणी सोपी पडते.

सर्वांत भरवशाचा उपाय मात्र जुनाच आहे : वायर. टीव्ही आणि लॅपटॉप एका जागी असतात, त्यांना वायफाय कशाला? बर्डीवरून पंधरा मीटर 'कॅट ६' वायर आणली, दोन टोकांसह चारशे रुपयांत काम झाले. ते दोघे वायरवर गेल्याने हवेतली गर्दी कमी झाली आणि त्याचा फायदा मोबाइलवर खेळणाऱ्यालाही मिळाला. वायर नेणे शक्यच नसेल तर 'मेश' नावाचे जोड-राउटर येतात. स्वस्तातला एक्स्टेंडर घेताना जपा. तो एकाच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर देतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो.

रस्ता रुंद झाला, अंतर तेवढेच

आता गेमविषयी. धाकट्याचे दुःख 'पिंग'चे होते. बोटाने बटण दाबले, तो निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो तो पिंग. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ५० च्या आत असेल तर खेळ सुरळीत चालतो. १०० च्या पुढे गेला की शत्रू आधी गोळी मारतो आणि आपल्याला नंतर दिसते.

समृद्धी महामार्ग डोळ्यांपुढे आणा. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, सहा पदरी. एमबीपीएस म्हणजे रस्त्याचे पदर. पिंग म्हणजे प्रवासाचा वेळ. सहाचे बारा पदर केले तरी अंतर ७०१ किलोमीटरच राहणार. म्हणून मोठ्या प्लॅनने पिंग आपोआप कमी होत नाही.

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईला जाऊन यायला त्याला सात-आठ मिलिसेकंद पुरतात. वाटेतली वळणे आणि यंत्रे धरून प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे निव्वळ प्रवासाचेच ४० मिलिसेकंद. त्यामुळे गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर आधी भारतातला निवडा. आपले झिरो माइल देशाच्या मधोमध असले तरी सर्व्हर तिथे नाहीत!

पण त्या रविवारी पिंग बिघडला तो अंतराने नव्हे, टोलनाक्यावरच्या रांगेने. आमच्या प्लॅनमध्ये वर पाठवायचा वेग, म्हणजे अपलोड, फारच कमी होता. विद्यार्थ्याने विचारले, "टीचर, त्या दिवशी कुणी काही पाठवत होते का?" मी नाही म्हणाले. त्याने सगळ्यांचे मोबाइल तपासले. माझ्या मोबाइलमध्ये फोटोंचा बॅकअप सुरू होता आणि शेकडो व्हिडिओ अजून बाकी होते. रविवारी दुपारी मी कामठीच्या लग्नाहून परतले होते. मोबाइल चार्जिंगला लावला आणि त्याने लग्नाचे सगळे व्हिडिओ वर पाठवायला घेतले. नाक्यावर माझेच ट्रक उभे होते. त्यांच्यामागे लेकीची उत्तरे अडकली आणि लेकाचा गेमही. गेमला तर तासाला सहसा शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत.

आता बॅकअप रात्री झोपताना चालतो. काही राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सेटिंग असते. तिने अपलोडची मर्यादा थोडी खाली ठेवता येते, म्हणजे रांग लागतच नाही.

मग प्लॅन किती मोठा?

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्राला ५ आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. एक फोर-के टीव्ही १५, एक ऑनलाइन क्लास ४, एक गेम १ : झाले २०. चाळीस खरोखर खोलीपर्यंत पोचत असतील तर चार माणसांच्या घराला पुरतात. दोन-तीन मोठे टीव्ही एकाच वेळी चालत असतील तर १०० घ्या.

मोठा वेग कामी येतो तो संगणकावरचे मोठे गेम उतरवताना. १०० जीबीचा गेम ४० वर साडेपाच तास घेतो, ३०० वर पाऊण तास. पण गेम महिन्यातून किती वेळा उतरवणार? रात्री लावून झोपले तरी चालते. स्वतःचा खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्या मुलांना मात्र अपलोड महत्त्वाचा. प्लॅन घेताना "अपलोड किती?" हे स्पष्ट विचारा.

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४९९ चे ५८९ होतात आणि ९९९ चे ११७९. दोन्हींतला फरक महिन्याला ५९०, वर्षाला ७०८० रुपये. कूलर सरकवून जे काम होते त्यासाठी ही रक्कम दरसाल देणे म्हणजे उधळपट्टीच.

वीज जाते तेव्हासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते, हे विसरू नका.

पैसे भरण्यापूर्वी एक परीक्षा घराची घ्या. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, आधी राउटरला वायर जोडून आणि मग लांबच्या खोलीत, असे चार वेळा वेग आणि पिंग मोजून वहीत लिहा. वायरवरच कमी येत असेल तर दोष कंपनीकडचा : तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. वायरवर पूर्ण आणि खोलीत कमी असेल तर दोष घरातला. रात्री वायरवरही घसरत असेल तर गल्लीतली गर्दी; मोठ्या प्लॅननेही ती सुटेलच असे नाही.

आमच्या वहीत सगळे लिहून झाल्यावर मी धाकट्याला जवळ बसवले. मोबाइल परत केला आणि "बेटा, माझी चूक झाली" म्हणाले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मी, आपाला पण सांगा ना, मी नव्हतो म्हणून." मी थोरलीला हाक मारली.