आधी रणभूमी, मग स्मारक

‘पानिपत झाले’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु पानिपत हे हरियाणातील एक वाढते औद्योगिक शहर आहे, याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव ज्या संग्रामात पडले, त्याची खूण म्हणून शहराबाहेर ‘काला आम’ येथे एक स्तंभ उभा आहे. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अर्थसंकल्पात पानिपत येथे स्मारक उभारण्याची घोषणा केली. ती स्वागतार्ह आहे. तथापि स्मारक किती भव्य होणार, यापेक्षा भूमी किती राखली जाणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रणभूमीचे खरे स्मारक म्हणजे ती भूमीच होय. उपासमारीने गांजलेले सैन्य छावणीतून कसे बाहेर पडले, डाव्या बगलेस इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी कशा भिडल्या, हे मोकळ्या मैदानात उभे राहिल्यावर जसे उमगते, तसे ते संगमरवरी चौथऱ्यापुढे उमगत नाही. शिवाय पुतळा पन्नास वर्षांनीही उभारता येतो. कारखाने आणि वसाहती यांच्याखाली गेलेली जमीन मात्र परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. टंचाई स्मारकांची नाही, जमिनीची आहे.

अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे १८६३ साली झालेल्या लढाईच्या भूमीवरून विद्युत रेल्वे नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रणभूमीचे जतन हे सार्वजनिक प्रयोजनच आहे, असा निर्वाळा देऊन भूसंपादनाचा मार्ग मोकळा केला. पुढे १९७४ मध्ये त्या भूमीलगत तीनशे फुटांहून उंच असा खासगी मनोरा उभा राहिला. तिकीट काढून चढणारे मिळाले, पण रणभूमीची शांतता हरपली. अखेर २००० साली शासनाने तो ताब्यात घेऊन पाडून टाकला.

हा खर्चिक धडा आपण फुकट शिकू शकतो. पायवाटा, सावलीची झाडे, सैन्यरचना दाखविणारे बुटके शिलाफलक, एवढे पुरेसे आहे. स्थानिक शेतकऱ्यास मात्र त्याचा भुर्दंड पडता कामा नये; शेती चालू राहावी आणि बांधकामाचा हक्क सोडल्याबद्दल त्यास रास्त मोबदला मिळावा. म्हणूनच मंजूर निधीतील पहिला रुपया शिल्पकाराकडे न जाता, हरियाणा शासनाच्या सहकार्याने या भूमीच्या सर्वेक्षणावर आणि संरक्षणावर खर्च झाला पाहिजे.