वाळवंटात नुसतं सब्र पुरत नाही

मोरोक्कोच्या सहारा वाळवंटात दरवर्षी 'मॅराथॉन दे साब्ल' नावाची शर्यत होते. अंतर साधारण २५० किलोमीटर, सहा-सात दिवसांत तोडायचं. जेवण, अंथरूण, औषधं, सगळं पाठीवर घेऊन पळायचं. त्यातला एक टप्पा ऐंशी किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे चिपळूणहून निघून जवळपास रत्नागिरी गाठण्याइतका, तोही वाळूतून. पॅट्रिक बाउर हा फ्रेंच माणूस १९८४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात बारा दिवस एकटा सुमारे ३५० किलोमीटर चालला. त्यातून त्याला ही कल्पना सुचली. १९८६ च्या पहिल्या शर्यतीत अवघे २३ जण होते.

या शर्यतीचे व्हिडिओ आता आपल्या पोरांच्या मोबाइलवरही येतात. पोरं विचारतात, "सर, ही माणसं एवढं सहन कसं करतात?" हिंमत लागते, यात शंका नाही. पण त्या हिंमतीच्या मागे केवढा बंदोबस्त असतो, ते व्हिडिओत दिसत नाही.

धावणाऱ्याला निघण्याआधी डॉक्टरचा दाखला आणि ईसीजी द्यावा लागतो. रोज किमान २००० कॅलरी मिळतील एवढं खाणं जवळ असलंच पाहिजे, हा नियम आहे. पाणी आयोजक ठरावीक अंतरावर देतात, आणि मिठाच्या गोळ्याही लागतात. कारण घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस कोसळू शकतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून अनुभवी धावपटू आधीपासून त्याची तयारी करतात.

एवढं करूनही २०२१ साली एका फ्रेंच स्पर्धकाचा मृत्यू झाला. कोविडमुळे शर्यत ऑक्टोबरमध्ये घ्यावी लागली होती, ऊन भयंकर होतं, आणि जवळपास निम्म्या लोकांनी शर्यत सोडली. सोडणाऱ्यांना कुणी भित्रे म्हटलं नाही.

आता आपल्या घराकडे बघू. गोवळकोट असो, कालुस्ते असो, वाशिष्ठीच्या काठच्या आपल्या वस्त्यांत कुणी ना कुणी गल्फला असतोच. कुणी ऑफिसात, कुणी दुकानात, पण कुणी बांधकामावर, पाइपलाइनवर, उघड्या उन्हात. त्यांचं वाळवंट सात दिवसांत संपत नाही. आखाताच्या किनाऱ्यावर तर उन्हाच्या जोडीला दमट हवा असते. आपल्याकडे मे महिन्यात होतं तसं, घाम सुटतो पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही.

तिथे कायदे नाहीत असं नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. कतारने २०२१ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून जो आकडा निघतो, तो ३२.१ अंशांच्या वर गेला की घड्याळात कितीही वाजले असोत, उघड्यावरचं काम थांबवायचं. मला हा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो. तीन वाजले म्हणून ऊन काही घरी जात नाही.

पण ज्याला कायदा माहीतच नाही, त्याच्या तो काय कामाचा? पोरगा निघताना आपण पासपोर्ट बघतो, व्हिसा बघतो, एजंटचे पैसे आणि पगार विचारतो. साइटवर पाणी कुठे मिळतं, सावली आहे का, दुपारची सुट्टी किती, नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम देतात का, हे कुणी विचारत नाही. खरा धोका त्या पहिल्या काही दिवसांतच असतो. आणि तो सगळं सोसत राहिला की आपण कौतुकाने म्हणतो, "मोठा सब्रवाला आहे पोरगा." सब्र मोठी गोष्ट आहे. पण दुसऱ्याने करायच्या बंदोबस्ताची कसर आपल्या पोराच्या सब्रने भरून काढायची, हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेने, जमातीने, मोहल्ल्यातल्या गल्फहून परतलेल्या चाचांनी जाणाऱ्या पोरांना एक तास द्यावा. मीठ-साखर-पाणी कसं घ्यायचं, दुपारच्या सुट्टीचा कायदा काय, तक्रार कुठे करायची, हे सांगावं. सोबत्याचं बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला तर ती सुस्ती नव्हे, उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, अँब्युलन्स बोलवायची, हे पाठ करून घ्यावं. आपल्या हायवेवर मे महिन्यात डांबर टाकणाऱ्या मजुरालाही हेच लागू आहे.

हौसेने पळणाऱ्याला "मला आता जमत नाही" म्हणून थांबता येतं. पोटासाठी राबणाऱ्यालाही तेवढं म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याची रोजी जाता कामा नये.