ना तळ्यात, ना मळ्यात

गोरेगावच्या पूर्वेस आरे वसाहत आहे. मुंबईतील गाईम्हशींचे गोठे दाट वस्तीतून बाहेर न्यावेत, या हेतूने ती १९४९ साली वसविण्यात आली. तेथील ‘छोटा काश्मीर’ या उद्यानात एका हिवाळ्यात आम्ही मुलांची सहल घेऊन गेलो होतो. मुलांनी जमिनीवर रेघ ओढली आणि तळ्यात-मळ्यातचा खेळ रंगात आला. एक मुलगा मात्र दूर खडकावर बसून वाळक्या झाडाच्या शेंड्यावरील घारीकडे पाहत होता. “तो नेहमीचाच! ना तळ्यात, ना मळ्यात,” असे कोणीतरी म्हणाले आणि सारे हसले.

थोड्याच वेळात भांडण जुंपले. एका लहान मुलीचा पाय रेघेपलीकडे पडला होता. आपल्याला कोणीतरी ढकलले, असे ती रडत सांगत होती. पण तिचे म्हणणे कोणी मानीना. तेव्हा तो मुलगा खडकावरून उतरला, ढकलणाऱ्याचे नाव त्याने शांतपणे सांगितले आणि तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. ज्याचे नाव त्याने घेतले, तो वर्गात त्याच्याच बाकावर बसणारा होता. मुले क्षणभर गप्प झाली. मग एकाने मला विचारले, “गुरुजी, आता हा आमच्या बाजूचा झाला का?”

हा प्रश्न मला कथावाङ्‌मयातील एका मोठ्या प्रश्नासारखा वाटला. पुष्कळ कथांत एखादे पात्र असे असते, की ते ना नायकाचे, ना खलनायकाचे. ते एकटे राहते, कोणाच्या अध्यात नसते, मध्यात नसते. आणि अखेरीस, ऐन प्रसंगी, ते नायकाच्या पाठीशी उभे राहते. वाचकाला ते फार आवडते. पण त्याचे मोल नेमके कशात आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

रामायणातील संपातीच पाहा. हा जटायूचा थोरला भाऊ. तरुणपणी दोघे भाऊ सूर्याकडे झेपावले, तेव्हा धाकट्याला ऊन लागू नये म्हणून संपातीने आपले पंख त्याच्यावर पसरले आणि ते जळून गेले. तेव्हापासून तो विंध्य पर्वतावर पडून होता. सीतेचा शोध न लागल्यामुळे निराश झालेले वानर प्राणत्याग करण्यासाठी तेथे बसले, तेव्हा त्याला आनंद झाला. कशाचा? आता पुष्कळ दिवसांचे भक्ष्य मिळाले, याचा! राम कोण आणि रावण कोण, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. परंतु बोलता बोलता अंगदाने जटायूच्या मरणाची गोष्ट काढली आणि तो वृद्ध पक्षी थरारला. ‘मला खाली उतरवा’, असे त्याने वानरांना विनविले; आणि सीता समुद्रापलीकडे लंकेत आहे, हे त्यानेच सांगितले.

येथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. रावण एका तरुण स्त्रीला पळवून नेत असताना आपण पाहिले होते, असे वाल्मीकींच्या रामायणात संपाती स्वतःच सांगतो. म्हणजे ज्या वार्तेसाठी वानर रानोमाळ भटकत होते, ती इतके दिवस त्याच्यापाशी पडून होती. त्याला पंख नव्हते, हे खरे; पण वाचा तर होती! अलिप्त माणूस उंचावर बसतो म्हणून त्याला दूरचे दिसते. भांडणात गुंतलेल्यांना जे दिसत नाही, तेही त्याला दिसते. मात्र तो बोलेपर्यंत त्या दिसण्याचा कोणाला उपयोग नाही. संपातीला मी दोष देत नाही. त्याचा उशीर तेवढा विसरू शकत नाही.

आता महाभारतातील रुक्मी आठवा. रुक्मिणीचा हा भाऊ विदर्भाचा राजपुत्र. युद्धापूर्वी मोठी सेना घेऊन तो पांडवांकडे आला आणि अर्जुनाला म्हणाला, की तू भ्याला असशील तर मी साहाय्य करतो. अर्जुनाने ते नाकारले. मग तोच प्रस्ताव घेऊन तो दुर्योधनाकडे गेला. तेथेही नकारच मिळाला. त्याला बाजू हवी होती ती केवळ स्वतःच्या मिरवणुकीसाठी. बलरामही त्या युद्धापासून दूर राहिला. पण दोन्हीकडचा संहार पाहवेना म्हणून तो तीर्थयात्रेला गेला. दोघेही तटस्थच, पण त्यांना एका मापाने मोजता येईल काय?

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईतच झाला. त्यांच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये का नावाचा अजगर आहे. ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला असेल, त्यांना तो दुष्ट वाटेल. मूळ पुस्तकात तसे नाही. माकडांनी मोगलीला पळविले तेव्हा बल्लू अस्वल आणि बगीरा त्याच्याकडे जातात. माकडे तुला नावे ठेवतात, असे ते त्याला सांगतात, आणि तो निघतो. कारण फारसे उदात्त नाही! मोगली सुटल्यावर का माकडांपुढे आपला भूल पाडणारा नाच सुरू करतो, तेव्हा बल्लू आणि बगीराही त्याच्याकडे ओढले जाऊ लागतात. साहाय्य केले म्हणून अजगर काही गाय झाला नाही. लेखकाचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. काही लेखक मात्र शेवटच्या पानावर एकलकोंड्याला एकाएकी धावत आणतात आणि टाळ्या घेतात. त्याच्या मनात आधी काय होते, याचा पत्ताच नसतो.

आरेच्या पाड्यांतील वारली लोक वाघोबाला पूजतात. तो आपल्या बाजूचा आहे की नाही, हे त्यांनी त्याला कधी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

मुलांना मी यातले थोडेसेच सांगितले. मग डबे उघडले. आम्ही त्या मुलाला हाक मारली. त्याने मान हलविली आणि खडकावरच डबा सोडला. ती लहान मुलगी आपला डबा घेऊन उठली आणि खडकापासून चार हात अंतरावर, त्याच्याकडे पाठ करून, जेवायला बसली.