अस्मानी कीं सुलतानी ?

नदी आटली कीं दोष आभाळास द्यावयाचा, ही मनुष्याची जुनी खोड आहे. आपल्या पूर्वजांनीं संकटांचे अस्मानी व सुलतानी असे दोन वर्ग केले, ते विचारपूर्वकच. अस्मानीपुढें हात टेकावे लागतात. सुलतानीचा जाब विचारतां येतो. जगांतील नद्यांवर आज ओढवलेलें संकट पहिल्या वर्गांत ढकलून निश्चिंत होणाऱ्या पंडितांशीं आमचा वाद आहे.

अमेरिकेंतील कोलोराडो नदीचेंच उदाहरण घ्या. सुमारें चार कोटी लोक तिच्या पाण्यावर अवलंबून आहेत. १९२२ च्या करारानें तिच्या वरच्या व खालच्या खोऱ्यांस प्रत्येकीं ७५ लाख एकर-फूट पाणी वांटून दिलें. १९४४ च्या तहानें मेक्सिकोस आणखी १५ लाख मिळालें. एकूण १६५ लाख. आणि २००० सालापासून नदीचा वार्षिक प्रवाह सरासरीनें सुमारें १२५ लाख ! करार करणारांनीं ओल्या वर्षांचीं मापें प्रमाण धरलीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु विसाव्या शतकाची सरासरीही १५० लाखांच्या घरांत होती. मग मधलें पाणी गेलें कोठें ?

"दुष्काळ आहे, सरेल," असें उत्तर मिळतें. पण २०२१ सालीं पर्वतांवरील हिम नेहमीपेक्षां थोडेंच कमी असतां, त्याच नदीवरील पॉवेल जलाशयांत एप्रिल ते जुलैपर्यंत आलेलें पाणी नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरलें. हिम पडलें, पण नदीपर्यंत पोंचलें नाहीं. हिमाचा शुभ्र थर सूर्याचे किरण परतवितो. तो लवकर वितळला म्हणजे उघडी जमीन तापते, तहानलेली माती पाणी पिते, आणि बरेंचसें वाफ होऊन जातें. २००० ते २०१४ या काळांतील तुटीचा निदान तिसरा हिस्सा वाढत्या उष्णतेनें झाला, असें उडाल व ओव्हरपेक या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखविलें. ही उष्णता आभाळानें पाठविली नाहीं. ती आमच्या कोळशाच्या व तेलाच्या धुराची आहे. २०२१ च्या ऑगस्टांत नदीवर प्रथमच अधिकृत तुटवडा जाहीर झाला, तेव्हां पहिली कुऱ्हाड मध्य आरिझोनांतील शेतकऱ्यांवर पडली.

परक्या नदीची ही चिंता आम्हांस कशाला, असें कोणी विचारील. पण कृष्णेचें पाणी बच्छावत लवादानें वांटलें, तेंही मागील नोंदींवरूनच : चार वर्षांपैकीं तीन वर्षें मिळेल असें २०६० अब्ज घनफूट. मागचीं वर्षें पुढच्या वर्षांस जामीन राहतील, हा त्यामागील विश्वास. कोलोराडोवर तो जामीन पळाला आहे. येथें तो टिकेल असें कोणीं धरून चालावें?

म्हणून वांटपाचे कागद वेळोवेळीं नव्या मापानें तपासावे, आणि मुख्यतः धूर आवरावा. ही सुलतानीच आहे. मात्र सुलतान एक नाहीं, आणि त्या दरबारांत आपण सुशिक्षितही लहानसे मानकरी आहों. स्वतःस जाब विचारण्याचें धैर्य नसेल, तर निदान आभाळास तरी बोल लावूं नये.