गोसाव्याचा संसार

हरितक्रांतीच्या इतिहासावर लिहिताना एक विधान हमखास केले जाते: संकरित बाजरी आली आणि तिच्यासोबत गोसावी रोग आला. हे विधान चुकीचे आहे, आणि त्यामुळे खरा दोष झाकला जातो.

मिरकरवाड्यासारख्या बंदरांतली सुकट घाटावर ज्या भाकरीशी खाल्ली जाते, त्या बाजरीला हा रोग जुनाच. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या जटा फुटतात म्हणून तो गोसावी. पाने पिवळट-पांढरी पडतात तेव्हा तोच केवडा. बटलर यांनी १९०७ मध्ये आणि जी. एस. कुलकर्णी यांनी १९१३ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. पहिले संकरित वाण, एचबी-१, आले १९६५ मध्ये.

मग १९७१ मध्ये संकरित बाजरी का कोसळली? पावसावर खापर फोडणे सोपे आहे. ओल या रोगाला पोसते हे खरे. पण ओल काही त्या वर्षी प्रथम आली नव्हती. नवी होती ती वंशावळ. एचबी-१ ते एचबी-५ या वाणांचे बाप वेगवेगळे, आई मात्र एकच: टिफ्ट २३ ए, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे घडवलेली. अमेरिकेत बाजरीवर गोसावी पडत नाही. म्हणजे ज्या शत्रूसमोर तिला उभे राहायचे होते, त्याच्याशी तिची गाठच पडली नव्हती. नाव ‘संकरित’, पण मैलोन्‌मैल पसरलेल्या शिवारात मातृवंश एकच.

रोगाचे मात्र तसे नव्हते. स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला या रोगकारकाची गणना पूर्वी बुरशीत होई. आज त्याला ऊमायसीट या वेगळ्या गटात ठेवतात. पानावर तो एकट्यानेही बीजाणू सोडतो. परंतु जमिनीत वर्षानुवर्षे तग धरणारा जाड कवचाचा बीजाणू तयार व्हायला दोन भिन्न संगमप्रकार एकत्र यावे लागतात, हे मायकेलमोर, पवार आणि विल्यम्स यांनी १९८२ मध्ये दाखवले. त्या मीलनात जनुकांची नवी जुळणी होते आणि ती मातीत पुढच्या पेरणीची वाट पाहते. (महाराष्ट्रात घरबारी गोसावीही होतेच, हा त्यांच्यातला.)

‘देशी तेवढे निरोगी’ म्हणणाऱ्यांनीही यावरून आनंदू नये. देशी बाजरीलाही गोसावी होई. फरक इतकाच की मोकळ्या परागीभवनाच्या शेतात ताटागणिक वंश निराळा असतो, म्हणून सगळे शेत एकदम बळी पडत नाही. त्याच १९८२ साली आलेले डब्ल्यूसी-सी७५ हे वाण ना संकरित होते, ना पारंपरिक देशी. संशोधकांनी निवडलेले, पण मोकळ्या परागीभवनाचे ते सुधारित वाण गोसाव्यासमोर दीर्घकाळ टिकले. हरितक्रांतीवरच्या वादात ते दोन्ही पक्षांना अडचणीचे, म्हणून त्याचे नावही क्वचितच निघते.