डाग झाकावा, रंग नव्हे

चेहऱ्यावरील डाग प्रसाधनाने झाकणे आणि चेहऱ्याचा मूळ रंगच बदलू पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवहारात त्या एकमेकींत इतक्या मिसळून गेल्या आहेत की, वांग झाकण्यासाठी फाउंडेशन मागणाऱ्या स्त्रीच्या हाती दुकानदार तिच्या त्वचेपेक्षा दोन छटा उजळ असलेली बाटली सहज ठेवतो आणि तीही ती निमूटपणे घेते. या सरमिसळीमुळे एका उपयुक्त कलेचे नुकसान झाले आहे, कारण जिला तिची खरी गरज आहे तिच्याही पदरी राखाडी झाक आलेला चेहराच पडतो.

फाउंडेशन म्हणजे तेल, पाणी किंवा सिलिकोन यांत रंगद्रव्ये घोळून तयार केलेला, संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरवायचा लेप होय. कन्सीलर हे त्याचेच दाट रूप असून त्यात रंगद्रव्याचे प्रमाण अधिक असते आणि तो केवळ डागापुरता लावायचा असतो. दोहोंची झाकण्याची शक्ती मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीतून येते. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेचे माप, सुमारे २.७ असतो, तर ती ज्या तेलात मिसळलेली असते त्याचा सुमारे १.५, या मोठ्या तफावतीमुळे प्रकाश लेपाच्या थरातच विखुरतो आणि खालच्या डागापर्यंत फारसा न पोहोचताच माघारी फिरतो. त्वचेशी जुळणारी छटा मात्र लोहाच्या पिवळ्या, तांबड्या व काळ्या ऑक्साइडांच्या मिश्रणातून साधावी लागते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेसाठी हे मिश्रण करताना पांढरे द्रव्य जास्त आणि लोहाची ऑक्साइडे कमी पडली, की ती सुपरिचित राखाडी झाक उमटते. हा दोष मिश्रणाचा असतो, त्वचेचा कधीही नसतो, हे प्रत्येक प्रसाधनविक्रेत्याने ध्यानात ठेवायला हवे.

या लेपांचा आधुनिक इतिहास रंगभूमी आणि चित्रपट यांच्या अंगाने सांगितला जातो. जर्मन ऑपेरा-गायक लुडविग लाइखनर यांनी १८७३ मध्ये तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला, मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटातील नटांसाठी पातळ व लवचीक लेप बनवला आणि १९३८ मध्ये त्यांच्या कंपनीचा पॅन-केक सर्वसामान्य स्त्रियांच्या हाती आला. पण डागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे नाव लिडिया ओ'लिअरी या अमेरिकन स्त्रीचे आहे. चेहऱ्यावरील जांभळट-तांबड्या जन्मखुणेमुळे त्यांना ग्राहकांसमोरच्या नोकऱ्या नाकारल्या गेल्या, तेव्हा त्यांनी खूण पूर्ण झाकणारा, पाण्याने न ओघळणारा लेप सिद्ध केला आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हे तर नेहमीचेच प्रसाधन आहे, असा आक्षेप आल्यावर त्यांनी पेटंट अधिकाऱ्यांसमोर स्वतःच्या चेहऱ्यावरील लेप पुसून दाखवला, असे सांगितले जाते. त्यांच्या ‘कव्हरमार्क’ नावाच्या या लेपाने कुणाला गोरे करण्याचे आश्वासन दिले नव्हते, आणि त्यातच त्याचे मोठेपण आहे.

डाग कोणत्या रंगाचा आहे हे पाहिल्याखेरीज तो झाकता येत नाही. मुरुमांचा लालसरपणा फिक्या हिरव्या लेपाने मावळतो, तर डोळ्यांखालची निळसर-करडी छाया नारिंगी किंवा जर्दाळू रंगाच्या लेपाने जाते, कारण परस्परविरोधी रंग एकमेकांना निस्तेज करतात. अशा सुधारक थरावर मग त्वचेच्याच छटेचा कन्सीलर बोटाने किंवा स्पंजने थोपटत लावावा, चोळू नये, आणि जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर द्यावेत. छटेची निवड मनगटावर किंवा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न करता दिवसाच्या उजेडात जबड्याच्या कडेवर करावी, म्हणजे चेहरा आणि मान यांच्यात सीमारेषा उमटत नाही. वांगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गालांवर व कपाळावर पसरणारे हे तपकिरी डाग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर दृश्य प्रकाशानेही गडद होतात, आणि लोहाची ऑक्साइडे तो प्रकाश बऱ्याच अंशी शोषून घेतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन सुचवतात. येथे झाकणारा थर काही प्रमाणात रक्षणही करतो.

झाकणे आणि उजळणे यांतील भेद सर्वांत लख्ख दिसतो तो कोडाच्या बाबतीत. त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने उमटणारे हे पांढरे डाग संसर्गजन्य नाहीत, तरीही लग्नाच्या बाजारात ते असलेल्या व्यक्तींचे काय होते, हे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांसमोर ठेवले आहे. कोड असलेली व्यक्ती लेप लावते तो पांढऱ्यावर सावळा रंग चढवण्यासाठी. उभा समाज ज्या वर्णापासून दूर पळू पाहतो, तोच स्वतःचा वर्ण ती व्यक्ती परत मागत असते. वारंवार धुतल्या जाणाऱ्या हातांसाठी डायहायड्रॉक्सिॲसिटोन हे द्रव्य वापरतात. ते त्वचेच्या वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावून तपकिरी रंग निर्माण करते आणि तो काही दिवस टिकतो.

ब्रिटनमध्ये रेड क्रॉसने १९७५ पासून प्रशिक्षित स्वयंसेवकांकरवी डाग झाकण्याचे हे तंत्र रुग्णांना शिकवले आणि २०११ मध्ये ते काम ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेकडे गेले. महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात आठवड्यातून एक दुपार अशा शिकवणुकीसाठी राखली जावी, आणि तिचा लाभ पुरुषांनाही संकोचाविना घेता यावा. भाजल्याचे व्रण आणि कोड पुरुषांच्या वाट्यालाही येतातच. या शिकवणुकीला खर्च फार नाही, आणि तिच्या अभावी माणसे औषधाच्या दुकानातून बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असलेली स्टेरॉइडची मलमे गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने चोळत राहतात. त्याने त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे आणि केस उगवतात, आणि मलम थांबवताच सारे आणखी चिघळते.

लेप लावण्यापूर्वी डाग कशाचा आहे हे मात्र ठाऊक असले पाहिजे. आकार किंवा रंग बदलणारा तीळ, बरी न होणारी जखम आणि विशेषतः स्पर्श न जाणवणारा फिकट चट्टा झाकून ठेवू नये. असा बधिर चट्टा कुष्ठरोगाचे लक्षण असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी व औषधे मोफत मिळतात, आणि सहा किंवा बारा महिन्यांच्या उपचाराने तो आजार पूर्ण बरा होतो.