सिस्टरांचा रक्तदाब कोण पाहणार?

रुग्णालयात शिरावे तर कुणाचे वजन होत असते, कुणाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असतो. पण तो पट्टा बांधणाऱ्या सिस्टर, स्ट्रेचर ढकलणारे वॉर्डबॉय आणि फरशी पुसणाऱ्या मावशी यांचा रक्तदाब शेवटचा कधी पाहिला? मी हे विचारतो तेव्हा बहुतेकजण हसून विषय बदलतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव वाचकांनी ऐकले असेल. हा एक आजार नसून पाच बिघाडांचा गट आहे. पोटाचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक (ही मोजमापे आपल्या भारतीय बांध्यासाठी आहेत), रक्तदाब 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स 150 किंवा वर आणि चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत 40 व स्त्रियांत 50 पेक्षा कमी. यांपैकी कोणतेही तीन आढळले की धोक्याची घंटा वाजली असे समजावे. एकेक आकडा थोडासाच वाढलेला असतो, काही दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. मात्र हे बिघाड एकत्र आले की हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट होतो.

रुग्णालयातील माणसांना हा धोका अधिक का? मुख्य कारण रात्रपाळी. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. रात्री उशिरा खाल्लेल्या अन्नातली साखर शरीर दिवसाइतकी नीट हाताळू शकत नाही. त्यात दोन वाजता चहा आणि वडा, सकाळी घरी गेल्यावर स्वयंपाक आणि मुलांची शाळा, मग जेमतेम चार तास झोप. अमेरिकेत 1976 साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून 1995 मध्ये असे दिसले, की सहा किंवा अधिक वर्षे आलटून पालटून रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण रात्रपाळी न करणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट होते.

‘दिवसभर पायाला भिंगरी असते, वेगळा व्यायाम कशाला?’ हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. तो अर्धाच खरा आहे. थांबत थांबत केलेली धावपळ अंग थकवते, पण सलग अर्धा तास भरभर चालण्याची जागा घेत नाही. आठवड्यातून पाच दिवस तरी असे चालावे. पाळीवर जाण्यापूर्वी पोटभर जेवावे, मध्यरात्रीनंतर हलकेच खावे, तळलेले टाळावे. दिवसा झोपणाऱ्याची खोली अंधारी व शांत ठेवणे हे घरच्यांचे काम.

पण सगळा भार कर्मचाऱ्यांवर टाकून व्यवस्थापनाने मोकळे होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मापपट्टी, रक्तदाबाचे यंत्र, प्रयोगशाळा, सारे त्याच इमारतीत असते. वर्षातून एकदा प्रत्येकाची तपासणी व्हावी आणि कंत्राटी कामगारांना त्यातून वगळू नये. त्यांना आजारपणाची रजाही सहसा परवडत नाही. सलग रात्रपाळ्या कमी कराव्यात आणि रात्री साधे गरम जेवण मिळावे. याला खर्च येईल, पण अनुभवी सिस्टर पन्नाशीतच अंथरुणाला खिळल्या तर तो तोटा त्यांच्या घराचा आहे तसाच वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचाही आहे.